वेगळी टाकी

सुपा
३ मार्च २०२४

मोनिकाताई,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नका, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. आमची खोली एकच, सम्राटची शिफ्ट कधी दिवसाची तर कधी रात्रीची, त्यामुळे मी घरात एकटी अशी कधी नसतेच. आणि तुमचा मोबाईल तर कायम पोरांच्या हातात. म्हणून तुमच्या शिलाईच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतेय. गिऱ्हाईक नसेल तेव्हा निवांत वाचा.

लग्नाला सात वर्षं झाली. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, आमचं दोघांचं तोंड लपवून कार्यक्रमांना जाणंही झालं. शेवटी टेस्ट ट्यूबचं ठरवलं आणि नगरच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे सुरू करायच्या आधी दोघांचंही रक्त तपासतात. माझं चांगलं निघालं. सम्राटच्या रक्तात पांढरी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, निघाली.

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. या काविळीत डोळे पिवळे दिसतीलच असं नाही. माणूस धडधाकट असतो, कामाला जातो आणि व्हायरस रक्तात बसून असतो. तो नवऱ्याचा बायकोला लागू शकतो. आईला असेल तर जन्मताना बाळाला लागतो. पण म्हणून उपचार थांबत नाहीत, असं त्या म्हणाल्या. आधी मला लस घ्यायची, सहा महिन्यांत तीन सुया, मग पुढचं. आणि सम्राटच्या आईनं, बहिणीनं तपासून घ्यावं, असंही म्हणाल्या.

सम्राट म्हणाला, मला चौथीत कावीळ झाली होती आणि ती उतरली. वैदूनं दिलेली काड्यांची माळ आईंनी त्याच्या डोक्यावर ठेवली होती म्हणे, ती रोज वाढत वाढत पोटापर्यंत आली, म्हणजे कावीळ गेली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. ती कावीळ वेगळी असेल, एवढंच म्हणाल्या.

इथपर्यंत ठीक होतं. मग सिस्टरनं बाहेर बसवून पुढची पद्धत सांगितली. तिनं आधी केसपेपरवर दोघांचं नाव, आडनाव, गाव लिहून घेतलं आणि मग म्हणाली, "तुमचं सगळं आम्ही वेगळं ठेवणार. गर्भ गोठवून ठेवायची तुमची टाकी वेगळी असते. आणि तुमचा नंबर नेहमी सगळ्यात शेवटी, बाकीच्यांचं उरकल्यावर."

सम्राट उठून उभा राहिला. "आज्याला वेगळं, बापाला वेगळं," तो म्हणाला, "आता माझं बीज बी वेगळं?" आणि चालता झाला. मी पर्स, फाइल, त्याचं हेल्मेट असं सगळं गोळा करून त्याच्या मागे पळाले.

ताई, त्या एका शब्दानं आपल्या घरात काय काय केलंय ते मला माहीत आहे, म्हणून मी त्याला चूक म्हणू शकले नाही. पण डॉक्टरबाई मला चांगल्या वाटल्या. सिस्टरही रोगाचंच बोलत होती, असं मला वाटतं. मला नक्की सांगता येत नाही, आणि रोज आठ तास पॅकिंगला उभी राहून आल्यावर यावर विचार करायची ताकदही उरत नाही.

तुम्ही त्याला समजवाल का? तो तुमचं ऐकतो. आणि तुम्ही व आई रक्त तपासून घ्याल का?

तुमची,
प्रज्ञा

*

जामखेड
२१ मार्च २०२४

प्रज्ञा,
जयभीम.

तू पत्र लिहिलंस ते बरं केलंस, पण त्यात जे लिहिलंस ते बरं केलं नाहीस. माझा भाऊ बरोबर उठला. मी असते तर त्या सिस्टरला दोन शब्द ऐकवून उठले असते.

तुला एक गोष्ट त्यानं सांगितली नसेल. सांगण्यासारखी नाहीच ती. चौथीच्या उन्हाळ्यात सम्राट पोरांबरोबर गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या विहिरीत पोहला. दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन लावून विहीर उपसली. ऐन उन्हाळ्यात, जिथे हंडाभर पाण्याला अर्धा दिवस जातो तिथे. मी आणि तो बांधावर उभे राहून बघत होतो. पाणी असंच ओढ्यात वाहून गेलं. तो मला म्हणाला, ताई, मी तर साबण लावून गेल्तो. अशा पोराला तू समजावणार की टाकी वेगळी असली म्हणून काय झालं?

आधी आडनाव लिहून घ्यायचं आणि मग नंबर शेवटी लावायचा. हे तुला नवीन असेल, आम्हाला नाही.

आईला मी काही तपासायला नेणार नाही. साठी उलटलेली बाई, कधी डोकं दुखलं म्हणून आडवी झाली नाही. तिला आता सांगू की तुझ्या पोटातनं रोग आला? आणि मलाही काही झालेलं नाही. दिवसाला चार ब्लाऊज शिवते, दोन पोरं सांभाळते, तुझ्या नंदावयांना सांभाळते, ते तिसरं पोर. आजारी माणसाला हे जमेल का?

दवाखाने काही तो एकच नाही. पुण्याच्या बाजूला बघा, जिथे माणसाला माणसासारखं वागवतात तिथे जा. सम्राटलाही मी फोनवर हेच सांगितलं. आणि तू जीव बारीक करू नकोस. तुझ्या आवाजावरून हल्ली वाटतं की तू जेवत नाहीस.

तुझी,
मोनिका

*

सुपा
२६ मे २०२४

मोनिकाताई,
जयभीम.

जयंतीला तुमचा फोन येईल म्हणून वाट बघितली. नंतर मी दोनदा लावला तर पोरं म्हणाली, आई झोपली. दुपारी चारला तुम्ही कधी झोपत नाही. माझ्यावर राग असेल तर तोही समजून घेते, पण आज तुमच्याशिवाय मला विचारायला दुसरं कुणी नाही.

तुम्ही सांगितल्यासारखं पुण्याच्या बाजूच्या एका दवाखान्यात गेलो. मोठा दवाखाना, गार हवा, बसायला सोफे. त्यांनी रक्त बाहेरच्या लॅबमधून तपासून आणायला सांगितलं. सम्राट म्हणाला, तुझं तू दे, माझं मी शिफ्ट सुटल्यावर देतो. चार दिवसांनी रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, दोघांचंही सगळं स्वच्छ आहे. 'स्वच्छ' ऐकून सम्राटचा चेहरा कसा झाला ते तुम्ही बघायला हवं होतं. गाडीवर तो सुप्यापर्यंत गाणं म्हणत आला. मला वाटलं, पहिल्या ठिकाणचीच चूक असेल. मला तसं वाटून घ्यायचंच होतं.

परवा त्याच्या लाइनवरचा कल्याण चहाला आला. आल्या आल्या स्वतःच्या दंडावर टिचकी मारून म्हणाला, "वहिनी, आता मी तुमच्या बाळाचा रक्ताचा काका झालो बरं." सम्राट त्याच्याकडे असा बघायला लागला की कल्याण अर्धा कप चहा टाकून निघून गेला.

लॅबमध्ये सम्राटच्या नावावर रक्त कल्याणनं दिलं होतं. कल्याणला त्यानं सांगितलं होतं की मला सुई बघून चक्कर येते. मी विचारलं तेव्हा त्यानं नाही म्हटलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, तिथं तरी कुणी वेगळं ठेवणार न्हाई.

ताई, पुढच्या पाळीपासून माझी इंजेक्शनं सुरू करायची आहेत. मी त्याला न सांगता इथल्या डॉक्टरांकडून लसीची पहिली सुई घेतली, पण एका सुईनं भागत नाही. आणि माझं एकटीचं नाही. तिथे आमचं जे काही असेल ते दुसऱ्यांच्या शेजारी जाईल. ज्या बाईनं माझ्यासारखीच सात वर्षं काढली असतील तिच्या शेजारी. तिला कुणी विचारलेलं नाही. लॅबमधली पोरगी ते हातात धरणार, तिलाही माहीत नाही.

मी बोलले तर सम्राट तोंडघशी पडेल आणि पुन्हा कुठल्याच दवाखान्याची पायरी चढणार नाही, मला माहीत आहे तो. नाही बोलले तर कदाचित मला मूल होईल. मी चौतीस वर्षांची आहे. खरं सांगू? गप्प बसावं असं मला फार वाटतंय. भांडायला अंगात जीव नाही.

काय करू ते कळवा. फोन नको, तो आता माझ्याकडे सारखा बघत असतो.

प्रज्ञा

*

जामखेड
१२ जून २०२४

प्रज्ञा,

इंजेक्शनं सुरू करू नकोस. हे पहिलं. आता बाकीचं वाच.

जयंतीला मी रक्त दिलं. आमच्या वस्तीत दरवर्षी शिबिर असतं आणि दरवर्षी माझं हिमोग्लोबिन कमी भरतं, मग बाया हसतात आणि मी नुसतं सरबत पिऊन येते. यंदा भरलं. मोठ्या तोऱ्यात पिशवी भरून दिली, फोटोसुद्धा काढला. आठवड्यानं रक्तपेढीचा फोन आला, ताई, एकदा येऊन जा. गेले तर एका मॅडमनं दार लोटून घेतलं आणि सांगितलं. सम्राटला आहे तेच मला आहे.

मी कुणाला बोलले नाही. तुझा फोन वाजायचा आणि मी मशीन जोरात चालवायचे. तुझ्या नंदावयांनाही परवा सांगितलं.

त्या मॅडमला मी एकच विचारलं होतं, माझ्या पिशवीचं काय केलंत? त्या म्हणाल्या, तपासणीत निघाल्यावर वेगळी काढली आणि नष्ट केली. प्रज्ञा, मला राग यायला हवा होता ना? मला हायसं वाटलं. नाहीतर ती पिशवी कुण्या बाळंतिणीला चढली असती. बाहेर येऊन बाकावर बसले आणि तुझं मार्चचं पत्र आठवलं. विहीर उपसली ती सम्राट कोण आहे ते बघून. माझी पिशवी काढली तेव्हा त्यांच्यासमोर आडनाव नव्हतं, नुसता नंबर होता. एवढं कळायला मला स्वतःला ते व्हावं लागलं.

मोठ्या दवाखान्यात जाऊन आले. मला आत्ता औषध लागत नाही, पण दर सहा महिन्यांनी तपासत राहायचं. पोरांचं रक्त चांगलं निघालं. जन्मल्यावर सरकारी दवाखान्यात त्यांना सुया टोचल्या होत्या, तेव्हा मी नर्सला शिव्या घातल्या होत्या की एवढ्याशा जिवाला किती टोचता. यांनाही काही नाही. त्यांची लस सुरू केली.

काल सम्राटला दुकानातून फोन केला. आधी माझं सांगितलं. त्यानं मग विचारलं, पोरांचं? ती बरी आहेत म्हटल्यावर त्याचा श्वास ऐकू आला. मग मी कल्याणचं काढलं. प्रज्ञानं सांगितलं का, म्हणाला. मी म्हटलं, व्हय, आन् बरं केलं. तो त्या सिस्टरचं पुराण सुरू करणार तेवढ्यात मी म्हटलं, "प्रज्ञाला लागलं तर ते तुझ्यामुळं लागंल, सम्राट. सिस्टरमुळं न्हाई." त्यानं फोन ठेवला.

आता तो तुझ्यावर चिडेल. चिडू दे. आईला मात्र यातलं काही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलंय. तिला तपासायला न्यायचं ते शुगर बघायला म्हणून नेईन.

तुझी,
मोनिका

*

सुपा
९ मार्च २०२५

मोनिकाताई,
जयभीम.

फोनवर तुम्हाला थोडंथोडं कळत होतं, पण नीट सांगायचं राहिलं होतं. आज सुट्टी आहे, सम्राट झोपलाय, म्हणून बसले.

तुमच्या त्या फोननंतर तो माझ्याशी पंधरा दिवस बोलला नाही. डबा घ्यायचा आणि जायचा. मीही बोलले नाही. मग एका सुट्टीला सकाळी गाडी पुसता पुसता म्हणाला, चल नगरला. पुण्याच्या बाजूच्या दवाखान्यात त्यानं आधीच फोन करून खरं सांगून टाकलं होतं. त्यांनी भरपूर झापलं, म्हणाला. सांगताना त्याचे कान लाल झाले होते.

नगरला डॉक्टरबाईंसमोर बसल्यावर त्यानं घुमवून फिरवून काही विचारलं नाही. "मॅडम, ती टाकी आजारासाठी वेगळी का आमच्यासाठी?" बाईंना आधी कळेनाच. मग कळलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ज्यांच्या ज्यांच्या रक्तात असा व्हायरस निघतो, त्या सगळ्यांची ती टाकी आहे, मग ते कुणी का असेनात. नंबर शेवटी अशासाठी की त्यानंतर सगळी खोली धुऊन काढता येते. आणि म्हणाल्या, आम्ही रोज हे वाक्य बोलतो, पण ऐकणाऱ्याला ते कसं लागत असेल असं कधी मनात आलं नाही, तुम्ही बोललात ते बरं झालं. सम्राट मान खाली घालून बसला होता. त्यानं फक्त हं म्हटलं.

मग माझ्या उरलेल्या सुया झाल्या. नंतर रक्त तपासून बघितलं, लस अंगात धरली आहे की नाही. धरली होती. सम्राटचं औषधपाणी वेगळं सुरू झालं. तिथून पुढे रोज पोटात इंजेक्शन, ते तुम्हाला माहीत आहेच.

जानेवारीत एक दिवस शेवटच्या नंबरला आम्ही बसलो होतो. बाहेरचा झाडणारा माणूससुद्धा गेला होता. हॉलमध्ये आणखी एक जोडपं होतं, देवळाली प्रवराकडचं. ऊसवाले, दाराशी मोठी गाडी. त्या बाईनं मला विचारलं, तुमचंही शेवटीच असतं का? मी हो म्हटलं. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, मला वाटलं मी एकटीच आहे, घरात सासूला पण सांगितलं नाही. आम्ही बराच वेळ बोललो. तिच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. मग तिनं विचारलं, आडनाव काय तुमचं? मी सांगितलं. मधल्या खुर्चीवरची पर्स तिनं उचलून मांडीवर घेतली आणि मोबाईल बघायला लागली.

परत येताना चास घाटाच्या अलीकडे सम्राटनं गाडी बाजूला घेतली. मला वाटलं त्याला रडू येतंय. तो हसत होता. "पर्स उचलली तिनं," तो म्हणाला, "आन् आत एकाच टाकीत हायेत त्यांचं आन् आपलं." वर्षभरात मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं, पण घरी पोचेपर्यंत माझं हसू टिकलं नाही.

आता मुख्य. गेल्या महिन्यात पोटात सोडलेलं यावेळी राहिलं नाही. रिपोर्ट परवा आला. बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. मी कामावर होते, लाइन चालू होती, मी खोकी बंद करत राहिले. त्या म्हणाल्या, यात काविळीचा संबंध नाही, पहिल्या खेपेला बऱ्याच जणींचं होत नाही. आपली दोन अजून त्या टाकीत आहेत. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

सम्राटनं काल पिठलं केलं, त्यात मीठ दोनदा पडलं होतं. आम्ही ते तसंच खाल्लं. मी फार दमलेय ताई. पण लपवायचं काही उरलं नाही, त्यामुळे झोप लागते.

आईंची तब्येत कशी आहे? तुम्ही फोनवर त्यांचं नाव काढलं की विषय बदलता.

प्रज्ञा

*

जामखेड
२० मार्च २०२५

प्रज्ञा,
जयभीम.

तुझं पत्र वाचून दुकान बंद केलं आणि जरा वेळ रडले. आता झालं रडून. दोन आहेत ना, मग आहेत.

तू आईचं विचारलंस. तिचंही रक्त तसंच निघालं होतं, हे मी तुला सांगितलं नव्हतं. तिला तर मुळीच सांगितलं नव्हतं. पण तुझे नंदावई म्हणजे बन्सीधर महाराज. त्यांची शेवटची सुई लांबत लांबत या महिन्यात झाली आणि जेवताना दंड चोळत आईला म्हणाले, आत्याबाई, तुमच्यामुळं मला तीन-तीन सुया खाव्या लागल्या. गंमत करत होते. मी डोळे वटारले, पण तोंडातून निघून गेलं होतं. आईनं भाकरी संपवली, हात धुतला. मला वाटलं तिला कळलं नसेल.

तिनं रात्री धाकट्याला जवळ बसवून सगळं काढून घेतलं. पोरगं शाळेत शिकलेलं, त्यानं धडा म्हणून दाखवावा तसं सांगितलं की आईकडून बाळाला होतो.

मला लक्षात यायला आठ दिवस लागले, कारण लग्नसराईची कामं होती. आई आमच्याबरोबर जेवेनाशी झाली. भूक नाही म्हणायची, मागून खायची. मग एकदा बघितलं, तिनं एक ताट, एक तांब्या आणि कान तुटलेला एक कप मोरीच्या कोनाड्यात ठेवला होता. आपलं आपण तिथेच घासायची, आमच्या भांड्यांना लागू द्यायची नाही. धाकटा मांडीवर डोकं ठेवायला गेला तर त्याला लांब सारायची.

काल संध्याकाळी ती उंबऱ्याशी बसून त्या कपात चहा पीत होती. मी विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, "पोरास्नी लागाया नको बाई. मला काय, मला सवय हाय."

एवढ्या साध्या आवाजात म्हणाली, प्रज्ञा. ऊन लागत नाही म्हणावं तसं. मी तिच्यावर ओरडले. जन्मात कधी ओरडले नव्हते. अगं, ताटवाटीनं लागत नाही, जवळ घेतल्यानं लागत नाही, रक्तानं लागतं, आणि पोरांना सुया झाल्यात. कुणी सांगितलं तुला वेगळं बसायला? ती म्हणाली, कुनी न्हाई सांगितलं, मीच बसले. आणि मग खाली बघत म्हणाली, "सम्राटला बी म्याच दिलं. त्याच्या लेकराच्या आड मीच आले."

तिला समजावता समजावता अंधार पडला. तुम्हा दोघांचं मला माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. तुझी लस, डॉक्टरबाई, बाळ झालं तर त्याला जन्मताच टोचायची सुई. त्या दोघांचंही सांगितलं, जी टाकीत आहेत. किती गार असतं तिथं, तिनं विचारलं. बर्फाहून गार, मी म्हटलं. "लई दिवस ठिवू नका म्हनावं तसल्या गारठ्यात," म्हणाली.

कप अजून तिच्या हातातच होता. मी तो काढून घेतला आणि राहिलेला चहा पिऊन टाकला. ती माझा हात धरायला आली, पण तोवर मी प्याले होते. चहा गार झाला होता आणि त्यात साखर नव्हती, कारण एवढे दिवस ती आमच्या साखरेच्या डब्याला हात लावत नव्हती.

तुझी,
मोनिका